माकड-डुकराचं जमत नाही म्हणे!

प्रश्न : ताई, माझी मुलगी सिंगापूरला बँकेत नोकरी करते. तिथल्याच एका चिनी वंशाच्या मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा चांगला आहे. डोंबिवलीला येऊन गेला, पुरणपोळी खाल्ली, मिस्टरांच्या पाया पडला. आम्ही त्याची जन्मवेळ मागवून पत्रिका काढून घेतली, छत्तीसपैकी चोवीस गुण जुळले. मुलगी तीन वर्षांनी मोठी आहे, तेवढं एक मला खटकतं. पण घोडं अडलंय तिकडे. मुलाची आजी म्हणते, मुलगी १९९२ ची म्हणजे माकड, नातू १९९५ चा म्हणजे डुक्कर, आणि माकड-डुकराचं लग्न टिकत नाही. मुलाचे आईवडील गप्प बसलेत. आमचे मिस्टर पोस्टातून निवृत्त झालेत. एरवी शांत माणूस, पण ‘माझ्या मुलीला माकड म्हणणाऱ्या घरात मुलगी देणार नाही’ असं म्हणून हटून बसलेत. माझी धाकटी बहीण म्हणते, जन्म १९९१ चा आहे, दाखल्यावर चुकून ९२ पडलं, असं सांगून मोकळे व्हा. मुलीची जन्मतारीख २ फेब्रुवारी १९९२, मी स्वतः १९६२ ची. खोटं बोलावं का? आणि हे माकड प्रकरण आहे तरी काय?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : खोटं बोलू नका. बरोबर-चूक बाजूला ठेवलं तरी ते खोटं फुकट जाईल, कारण तुमची मुलगी माकड नाहीच.

चिनी वर्ष १ जानेवारीला लागत नाही. त्यांचं पंचांगही आपल्यासारखंच चंद्र आणि सूर्य दोघांना सांभाळून चालतं. अमावास्येला महिना पालटतो, मधूनमधून अधिक महिना येतो. नवं वर्ष साधारण २१ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येतं, बहुतेक वेळा आपल्या पौष अमावास्येला लागून. १९९२ साली ते ४ फेब्रुवारीला आलं. माकडाचं वर्ष त्या दिवशी सुरू झालं आणि २२ जानेवारी १९९३ ला संपलं. तुमची मुलगी २ फेब्रुवारीची, म्हणजे आदल्या वर्षातली, आणि ते वर्ष होतं मेंढीचं. (कुणी मेंढी म्हणतं, कुणी बकरी. एकच प्राणी धरा.) तिकडच्या ज्योतिषांत काहीजण वर्ष अमावास्येने मोजत नाहीत, सूर्याने मोजतात, आणि वसंताची सुरुवात धरतात ४ फेब्रुवारीच्या सुमाराला. त्या हिशेबानेही २ तारीख अलीकडेच पडते. कुणीही कसंही मोजलं तरी मेंढीच.

आजींना कुणीतरी नुसतं ‘१९९२’ सांगितलं असणार. मोबाइलवर फिरणारे तक्तेही तसेच असतात. १९५६, १९६८, १९८०, १९९२, २००४, २०१६ : माकड, विषय संपला. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली कितीतरी माणसं असा भलताच प्राणी मिरवत हिंडतात.

आता आजींचं म्हणणं येतं कुठून ते सांगते. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर असे बारा प्राणी गोलात बसवलेले आहेत, वर्षाला एक. त्यांना लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाच तत्त्वांची जोड दिली की साठ वर्षांचं चक्र होतं. प्रभव, विभव वगैरे आपली साठ संवत्सरं आहेत, तेवढंच मोठं. गोलात जो अगदी समोर येतो तो वैरी. माकडाच्या समोर वाघ. चार-चार घरांवर जे येतात ते एका कंपूतले. माकड, उंदीर, ड्रॅगन हा एक कंपू. शिवाय सहा जोड्या अशा की उघड वैर नाही, पण एकमेकांना बाधतात. त्यांच्यावर एक जुनं यमक आहे. घोडा बैलाला भितो, साप आणि वाघ म्हणजे सुरीवर सुरी, ड्रॅगन-सशाच्या नशिबी रडणं, असं करत करत शेवटी येतं की डुक्कर आणि माकड शेवटापर्यंत पोचत नाहीत. आजींच्या कानावर हे लहानपणापासून पडलेलं असणार. त्यांनी मनचं काही काढलेलं नाही, एवढं तुमच्या घरात आधी सांगा.

माकडाचा स्वभाव म्हणून जे सांगतात ते हुशार, चटपटीत, बोलघेवडं, खोडकर, युक्तीबाज, एका जागी न टिकणारं. वाचून तुम्हाला वाटलं असेल, अगदी आमची मुलगी! आता मेंढीचा स्वभाव ऐका. मवाळ, घरच्यांना धरून राहणारी, मनात ठेवणारी, कलेची आवड असलेली. तेही पटेल. मुलीच्या दहावीच्या बॅचचा फोटो काढून बघा. त्यातली जवळपास सगळी मुलं दोन प्राण्यांत बसतात.

मेंढीचा कंपू कोणता, तर ससा, मेंढी आणि डुक्कर. म्हणजे ज्या हिशेबाने आजी नको म्हणतायत त्याच हिशेबाने हे स्थळ उत्तम आहे.

पण पेढे वाटू नका एवढ्यात. मेंढीच्या पाठीमागेही एक म्हण लागलेली आहे : दहा मेंढ्यांत नऊ अपुऱ्या. म्हणजे मेंढीच्या वर्षी जन्मलेल्यांच्या नशिबात काहीतरी उणं, आणि हे बोट बहुतेक वेळा मुलींकडे दाखवलं जातं. नवरा लाभत नाही, घराला लाभत नाही वगैरे. आपल्याकडे मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट आणि आश्लेषाची सासूला वाईट, त्याच जातीचा प्रकार. चीनमध्ये २०१५ साल मेंढीचं होतं आणि २०१६ माकडाचं. मेंढीचं बाळ नको, थांबू आणि माकडाचं होऊ देऊ, असं म्हणणारी जोडपी तेव्हा बातम्यांत झळकत होती. २०१५ मध्ये तिथे १ कोटी ६५ लाख ५० हजार बाळं जन्मली, २०१६ मध्ये १ कोटी ७८ लाख ६० हजार. दुसरं मूल होऊ द्यायची मोकळीक १ जानेवारी २०१६ पासूनच मिळाली होती, त्यामुळे सगळा आकडा माकडाच्या खात्यावर टाकता येत नाही. पण माकडाचं वर्ष हवंसं आणि मेंढीचं नकोसं, ही भावना खरी आहे. तेव्हा ‘आमची मुलगी माकड नाही, मेंढी आहे’ असं ठासून सांगायला जाल तर आगीतून फुफाट्यात पडण्याची सोय आहे.

म्हणून सांगायचं, पण एकदाच, आणि जिंकल्याच्या सुरात नाही. तुम्ही नाही सांगायचं, मुलीनेही नाही. नातवाने सांगायचं. ‘आजी, तारीख नीट सांगायची राहिली. ती २ फेब्रुवारीची आहे. तुझ्या पंचांगात बघ ना जरा.’ जुन्या चिनी घरांत लाल कव्हराचं जाडजूड पंचांग असतं, आपल्याकडे दाते पंचांग खुंटीला लटकलेलं असतं तसंच. ते त्यांनी स्वतःच्या हाताने उघडावं, स्वतःच्या चष्म्यातून बघावं, आणि ‘अगंबाई, मेंढी की!’ हे त्यांच्याच तोंडून यावं. म्हाताऱ्या माणसाला शहाणपणा शिकवून कुणी लग्न जमवलेलं नाही. त्यांना आपलं म्हणणं बदलायला जागा हवी असते, ती अशी मिळते.

आजींनी पंचांग मिटलं आणि ‘बरं आहे मग’ म्हणाल्या, तर त्यांची हरकत खरोखर प्राण्याची होती. पुष्कळदा ती तशीच असते आणि अशी चुटकीसरशी सुटते. पण त्यांनी लगेच नऊ अपुऱ्या मेंढ्या काढल्या, किंवा आणखी तिसरंच काही, तर समजायचं की दुखणं दुसरीकडे आहे. सून आपली भाषा बोलणार नाही, पतवंडं कुणासारखी दिसतील, सणाला कोण कुठे जाणार, नातू हातचा जाईल का. ‘मला परकी मुलगी नको’ असं तोंडावर म्हणायची चोरी असली की पंचांग उपयोगी पडतं. आपल्याकडेही ‘पत्रिका जुळत नाही’ हा नकार द्यायचा सगळ्यांत सभ्य मार्ग आहे. मुलगी बघायला गेलेल्या किती घरांनी तो वापरलाय, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा दुखण्यावर दुसरा प्राणी शोधून इलाज होत नाही.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. आजी काय म्हणाल्या ते आहे, आईवडील गप्प आहेत ते आहे, मिस्टर, बहीण, गुरुजी सगळे आहेत. मुलगा आजीला काय म्हणाला, याबद्दल एक अक्षर नाही. मला काळजी त्याची वाटते, माकडाची नाही. मुलीला फोन करून एवढंच विचारा : तो आजीशी बोलला का, आणि काय बोलला? ‘तो म्हणतो, तूच काहीतरी करून तिला पटव’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. आज राशीवरून आजीला पटवायचं मुलीनेच, उद्या स्वयंपाकावरून सासूला पटवायचं तिनेच, परवा मुलांच्या शाळेवरून आणखी कुणाला. ‘बोलला, वाद झाला, पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे’ असं असेल तर स्वस्थ झोपा, बाकीचं आपोआप होईल. आईवडिलांच्या गप्प बसण्याचा मात्र लगेच वाईट अर्थ काढू नका. आईच्या शब्दापुढे न बोलणारे साठीतले मुलगे आपल्याकडेही घरोघरी आहेत.

आणि थोडं तुमच्याबद्दल बोलू का? त्या मुलाची जन्मवेळ मागवून तुम्ही गुण काढलेत. चोवीस आले म्हणून ‘मुलगा चांगला आहे’ असं पत्रात लिहिता आलं. चौदा आले असते तर? आजी आणि तुम्ही एकाच बाकावर बसलेल्या आहात, फक्त पुस्तकं वेगळी. यात लाजायचं काही नाही, पण त्यांना अडाणी म्हणायचा हक्क तेवढा आपल्याकडे उरत नाही. तुमचे चोवीस गुण तिकडे कळवायच्या भानगडीतही पडू नका, त्यांना त्याचं काही देणंघेणं नाही.

मिस्टरांकडे वळते. त्यांचा राग मला समजतो. आपल्याकडे शाळेत मास्तर ‘माकडा’ म्हणायचे ते कौतुकाने नाही. पण त्यांना विचारा, गुरुजींनी जे गुण काढले त्यात योनीचे चार गुण होते ना? त्या योनी म्हणजे प्राणीच. श्रवण किंवा पूर्वाषाढा नक्षत्राची मुलगी असली की तिची योनी वानर. कितीतरी मराठी मुलींच्या पत्रिकेत हे छापलेलं असतं आणि कुठलाही बाप त्यावरून मांडवातून उठून जात नाही. आणि दर शनिवारी ज्याला तेल-रुईची पानं वाहतो तो कोण?

चिनी माणसाच्या मनातलं माकडही असंच आहे. तिकडचा सुन वुकोंग हा दगडातून जन्मलेला वानरराजा, स्वर्गात जाऊन देवांची झोप उडवणारा, आणि पुढे एका भिक्षूला सांभाळत भारतात ग्रंथ आणायला निघालेला. हा भिक्षू ज्याच्यावरून रचला तो खरा ह्युएनत्संग, आपल्या शाळेच्या इतिहासात भेटलेला, पुलकेशी दुसऱ्याच्या काळी महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांविषयी लिहून ठेवणारा. त्या वानरराजाचं १९२० पासूनचं देऊळ सिंगापुरातच आहे, तिओंग बारू भागात एंग हून स्ट्रीटवर. व्याह्यांकडे जाल तेव्हा मिस्टरांना तिथे घेऊन जा, उदबत्तीच्या वासाने निवळतील.

त्याहून चांगला उपाय त्यांच्याच खात्यातला आहे. चीनच्या पोस्टाने बारा प्राण्यांच्या तिकिटांची मालिका सुरू केली ती माकडापासून, १५ फेब्रुवारी १९८० ला, माकडाचं वर्ष लागायच्या आदल्या दिवशी. चित्रकार ह्वांग योंगयू. लालभडक जमिनीवर बसलेलं काळं माकड, अंगावरचा केस न् केस बारीक रेघेने काढलेला, तोंड आणि पंजे सोनेरी, डोळे थेट तुमच्याकडे. किंमत आठ फन, म्हणजे त्यांचे आठ पैसेच. आज त्याच्या ऐंशी तिकिटांच्या अख्ख्या शीटला लिलावात दहा लाख युआनच्या वर बोली लागते. पोस्टात आयुष्य काढलेल्या माणसाला हे एकदा दाखवा. माकड म्हणून कुणी हिणवत नव्हतं, हे मी चार पानं लिहून पटवण्यापेक्षा त्या तिकिटाने लवकर पटेल. (जावई डुक्कर आहे याचं मात्र त्यांना काही वाटलेलं दिसत नाही! तिकडे डुक्कर म्हणजे भरलेलं घर आणि सुखवस्तूपणा, तेव्हा तेही चालून जाईल.)

मुलगी तीन वर्षांनी मोठी आहे, हा तुमचा सल. त्यावर चिन्यांची म्हण अशी आहे की बायको तीन वर्षांनी मोठी असली तर नवऱ्याच्या हाती सोन्याची वीट लागते. आजींना ही म्हण नक्की ठाऊक असणार. वयाचा विषय तुम्ही काढूच नका, जिथे कुणाला टोचत नाही तिथे आपण काटा कशाला दाखवायचा?

भेट ठरली तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. आपण आहेर ५०१ चा करतो, वरचा एक रुपया शुभ. तिकडे शुभकार्याला रक्कम सम लागते, आणि विषम रक्कम घालतात ती मयताच्या घरी द्यायच्या पाकिटात. वरचा रुपया काढा. चार हा आकडाही नको. पाकीट लाल. आणि कितीही सुंदर मिळालं तरी भिंतीवरचं घड्याळ भेट म्हणून नेऊ नका, त्याचा संबंध ते अंत्यविधीशी लावतात.

तुम्ही १९६२ च्या म्हणता. ५ फेब्रुवारीनंतरच्या असाल तर तुम्ही वाघ. लग्नाच्या दिवशी वधूवरांच्या खोलीत किंवा पलंग मांडताना वाघवाल्यांनी आत येऊ नये, अशी कित्येक चिनी घरांत रीत आहे. कुणी तुम्हाला हसून बाहेर थांबायला सांगितलं तर अपमान झाला असं समजू नका. आपल्याकडे हळदीला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही यावरून बायकांना काय काय ऐकावं लागलंय, त्यापुढे हे फारच सौम्य. तुम्हाला ते मान्य नसेल तर आधीच मुलीमार्फत कळवा, ऐन दिवशी खोलीच्या दारात नको. चहाच्या विधीत तुमचा मान कुठेही जात नाही. वधूवर थोरांना हाताने चहा देतात, थोर लाल पाकीट देतात, आणि मुलीच्या आईवडिलांनाही तो चहा मिळतोच.

मुहूर्ताचं म्हणाल तर त्यांचा सातवा महिना भुताखेतांचा, त्यात ते लग्नं करत नाहीत. तो बहुतेक आपल्या श्रावणात येतो आणि चातुर्मासात आपलीही लग्नं नसतातच, म्हणजे तिथे भांडण नाही. वर्षांसारखेच दिवसांनाही ते बारा प्राणी लावतात. मेंढीच्या समोर बैल, डुकराच्या समोर साप, तेव्हा ते दोन दिवस त्यांना नको असतील. गुरुजींकडून तुळशीच्या लग्नानंतरच्या चार-पाच तारखा काढून घ्या, यादी नातवाच्या हाती आजींकडे पाठवा, आणि त्यांतली कुठली धरायची ते त्यांना त्यांच्या लाल पंचांगात बघून ठरवू द्या.